मदत हवी आहे: जखम भरत आली, पण भोवती पुरळ आणि खाज थांबेना

खानापूरचा_मळा: बाबांच्या पायाला ऊस तोडताना कोयता लागला होता. टाके निघाले, जखम सुकत आलीय. पण भोवती बारीक लाल पुरळ उठलंय, रात्रभर खाजवतात. घरात कुणालाच झोप नाही. काय लावू? लवकर सांगा. बेळगावला न्यायचं म्हणजे अख्खा दिवस जातो.

निपाणीची_सून: दगडीपाल्याचा रस लावा. आमच्याकडे तंबाखूच्या शेतात कुणाला लागलं की पहिला तोच चोळतात.

मेडिकलवाला_बेळगाव: ताई, दगडीपाला काँग्रेस गवताच्याच कुळातला. शेतात राबणाऱ्याला त्या गवताची अ‍ॅलर्जी असली तर आगीत तेल. दादा, आता काय लावताय? पट्टी कसली? शुगर? ताप, पू? काहीच लिहिलं नाहीत.

चंदगडी_पावणा: खाज येते म्हणजे जखम भरते. गप बसा.

खानापूरचा_मळा: शुगर आहे, गोळी चालू. ताप, पू नाही. मलम नेहमीचंच, वर चिकटपट्टी.

मेडिकलवाला_बेळगाव: नेहमीचं म्हणजे कुठलं? ट्यूबवर नियोमायसिन लिहिलंय का बघा, त्या जंतुनाशकाची काहींना अ‍ॅलर्जी असते. आणि पुरळ कुठवर आहे? चिकटपट्टीच्या कडेला सरळ रेषेत थांबत असेल तर गोंदाचा संशय. मलम पसरतं तिथवर असेल तर मलमाचा.

हलग्याचा_हणमा: मला जांघेत गजकर्ण झालं होतं, थ्री-इन-वन क्रीमनं चार दिवसांत साफ!

मेडिकलवाला_बेळगाव: गजकर्णाचं कोण विचारतंय? त्या क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. भरणाऱ्या जखमेवर स्वतःच्या मनानं अजिबात नको, भरणं लांबतं.

खानापूरचा_मळा: चौकोनीच आहे ओ, पट्टीच्या मापाचं! आणि ट्यूबवर नियोमायसिनपण आहे.

चंदगडी_पावणा: अ‍ॅलर्जी असती तर पहिल्याच दिवशी उठली असती की.

मेडिकलवाला_बेळगाव: ही उशिरा उठणारी असते पावणं. एक-दोन दिवसांनी, कधी बरेच दिवस वापरल्यावरसुद्धा. दादा, मलम आणि चिकटपट्टी दोन्ही बंद. स्वच्छ पाण्यानं धुवून टिपून घ्या, जखमेवर साधं व्हॅसलिन, त्यावर गॉज, वरून रोलर बँडेज सैलसर. खाजेला थंड ओला कपडा. नखं कापा त्यांची. खाजेची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून. आणि लाली पसरायला लागली, हाताला गरम लागली, पू किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा. शुगरवाल्याचा पाय आहे.

निपाणीची_सून: मग हळद तरी?

मेडिकलवाला_बेळगाव: हळदीनंही काहींना पुरळ उठतं. सध्या काहीच नको.

हलग्याचा_हणमा: वडील या वयात तोडणीला? टोळी नाही मिळाली?

खानापूरचा_मळा: उचल घेऊन टोळी गायब, म्हणून तर फडात उतरले. पट्टी काढलीय आत्ता. उद्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवतो, ट्यूब बरोबर नेतो. टोळी कुणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा, अजून निम्मा ऊस उभा आहे.