मागच्या सस्पेन्शनचे बुश: रबर, पॉली की दोन्हींचा मेळ?

घाटातला_प्रवासी (पुणे)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१२ सालची स्कोडा लॉरा आरएस आहे, १.८ टीएसआय इंजिन, १६० पीएस, मॅन्युअल गिअर. गाडीचे आतापर्यंत १,१८,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या काही महिन्यांपासून ताम्हिणीच्या लांब वळणांवर अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू क्षणभर उशिराने जागेवर बसते आणि उखडलेल्या रस्त्यावर मागून बोदा आवाज येतो. दोन वर्षांपूर्वीच शॉक अ‍ॅब्सॉर्बर बदलले असल्याने संशय तिकडे गेला नाही. अलाइनमेंट करताना मागच्या डाव्या चाकाचा टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन) दोनदा जुळवूनही टिकला नाही, तेव्हा फिटरने टॉमी (लोखंडी पहार) लावून ट्रेलिंग आर्म, म्हणजे चाकापासून पुढे गाडीला जोडणारा दांडा, हलवून दाखवला. त्याच्या पुढच्या बुशचे (गाडीला जोडणाऱ्या रबरी सांध्याचे) रबर नळीपासून अर्धे सुटले आहे. वयोमानाने झालेली झीज आहे, तक्रार काही नाही.

आता मागचे सगळेच बुश बदलावेत असे ठरवले आहे. प्रश्न साहित्याचा आहे. एक जण म्हणतो, सरसकट पॉलीयुरेथेन (पॉली, म्हणजे रबरासारखे पण टणक प्लास्टिक) टाक. दुसरा म्हणतो, मूळ रबराला पर्याय नाही. तिसऱ्याने तर स्फेरिकल बेअरिंग (रबर नसलेला गोलाकार धातूचा सांधा) सुचवले. आठवड्याचे पाच दिवस हिंजवडीची ये-जा, शनिवार-रविवारी घाट आणि वर्षातून एखादा दिवस कोइंबतूरजवळच्या कारी ट्रॅकवर, असा माझा वापर आहे. मागच्या सीटवर आई बसते आणि तिला कंबरेचा त्रास आहे, हेही ध्यानात घ्यावे, ही विनंती.

कोल्हापुरी_टर्बो

मी माझ्या हॅचबॅकला मागे पूर्ण पॉली बसवले त्याला तीन वर्षे झाली. आंबोली उतरताना गाडी जणू एका ठोकळ्यातून कोरल्यासारखी वाटते. थोडा आवाज वाढतो, पण सवय होते. फार विचार करू नका, सगळे पॉली टाका. आईसाहेबांना पुढच्या सीटवर बसवा.

जुना_मोल्डर (भोसरी)

कोल्हापुरी_टर्बो यांचा अनुभव खोटा नाही, पण त्यांच्या गाडीला मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाके जोडणारी एकच आडवी तुळई) असणार. त्या बीमला गाडीच्या शरीराशी जोडणारे बुश दोनच. प्रश्नकर्त्यांच्या लॉराला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक वेगळे दांडे, म्हणजे लिंक) आहे आणि तिथे प्रत्येक बुशचे काम निराळे आहे. मी बावीस वर्षे रबरी भाग घडवण्याच्या धंद्यात काढली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, सांभाळून घ्यावे.

बुश हा दोन भागांमध्ये ठेवलेला मऊ तुकडा नसून तो एक सांधा आहे. रबरी बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही नळ्यांना पक्के चिकटवलेले असते, त्यामुळे आर्म वर-खाली फिरतो तेव्हा काहीही घासत नाही, रबरच आतल्या आत पिळले जाते. म्हणून त्याला ग्रीस लागत नाही आणि ते कुरकुरतही नाही. बाजारात मिळणारे बहुतेक पॉली बुश मात्र चिकटवलेले नसतात. त्यांच्यात आतली पोलादी नळी पॉलीवर घसरत फिरते. एका सरळ आसाभोवती फिरायचे असेल तर ते उत्तम काम करतात, ग्रीस आहे तोवर रबरापेक्षा मोकळेही फिरतात. पण आर्म फिरता फिरता तिरकाही होणार असेल तर पॉली अडून बसते.

आता तुमच्या गाडीचा ट्रेलिंग आर्म पाहा. तो पोलादी पत्र्याच्या उभ्या पात्यासारखा आहे. पुढे-मागे ताठ, आडवा मात्र लवचीक. ही रचना १९९८ च्या फोर्ड फोकसने लोकप्रिय केली आणि २००३ च्या पाचव्या पिढीतल्या गोल्फमध्ये त्याच धर्तीचे सस्पेन्शन आले. तुमची लॉरा त्याच घराण्यातली. चाक आडव्या दिशेने कुठे राहायचे हे तीन आडव्या लिंक (वरची, खालची मोठी आणि टो लिंक) ठरवतात. चाक वर जाताना त्या लिंकच्या वर्तुळाबरोबर थोडे आत-बाहेर सरकते आणि पात्याचे मागचे टोक आपल्याबरोबर ओढते. म्हणजे पुढच्या बुशला फिरावेही लागते आणि कलावेही लागते. तिथे टणक पॉली घातले तर ते कलणे बुशात न होता पात्यावर आणि ब्रॅकेटवर येते आणि स्प्रिंगच्या जोडीला एक न मोजलेली, असमान स्प्रिंग तयार होते. शिवाय खड्ड्याच्या कडेवर चाक आपटते तेव्हा ते जे किंचित मागे सरकते, ती सवलत हाच बुश देतो. आईंच्या कंबरेचा संबंध मुख्यतः याच एका बुशशी आहे. तेव्हा इथे मूळ दर्जाचे रबरच घ्या आणि बसवताना त्यातल्या पोकळ्यांची दिशा व नळीवरची खूण जुळवा, कारण त्या पोकळ्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला ताठ राहावे म्हणून.

आडव्या लिंकची गोष्ट उलटी आहे. त्यांची हालचाल बरीचशी एकाच प्रतलात होते आणि वळणावरचा सगळा आडवा भार थेट त्यांच्या बुशवर येतो. इथे रबर दबले की टो आणि कॅम्बर (समोरून पाहता चाक कललेले असण्याचा कोन) बदलतात. तुम्हाला जो उशीर जाणवतो त्याचा काही भाग इथून येत असणार. इथे शोअर ए (टणकपणाचे माप) ८० च्या आसपासचे पॉली चालेल. ९५ चे नको, ते ट्रॅकवरच्या गाडीसाठी आहे. आकड्यांवरून फरक लहान वाटतो, पण ६० चे रबर आणि ८० चे पॉली यांच्या ताठपणात साधारण अडीच पटींचे अंतर असते, आणि पॉली भरीव असल्याने प्रत्यक्षात ते त्याहूनही जास्त जाणवते.

एक सावधगिरी मात्र हवी, आणि ती बहुतेक जण विसरतात. टो लिंक आणि खालची मोठी लिंक यांचे बुश मूळ रचनेत ठरावीक प्रमाणात दबतात, जेणेकरून वळणात भार आलेले बाहेरचे चाक किंचित आत वळावे आणि मागची बाजू स्थिर राहावी. त्यांपैकी एकच बदलला तर हे प्रमाण बिघडते आणि चाक उलट दिशेने वळू लागण्याचीही शक्यता असते. घाटात अ‍ॅक्सिलरेटर सोडताना ते अंगाशी येते. बदलायचे तर दोन्ही बदला, नाहीतर दोन्ही रबरी ठेवा. अँटी-रोल बारच्या (वळणात गाडीचे कलणे रोखणाऱ्या दांडीच्या) बुशला पॉली टाकायला माझी अजिबात हरकत नाही. स्वस्त आहे, निरुपद्रवी आहे आणि फरक लगेच कळतो.

नेकारकाठचा (श्टुटगार्ट)

स्फेरिकल बेअरिंगबद्दल दोन शब्द. ते कुठल्याही दिशेला कलते, त्यामुळे जुना_मोल्डर यांनी सांगितलेली अडून बसण्याची अडचण त्यात मुळीच नाही आणि आर्म अचूक जागी राहतो. पण ते कंप शोषत नाही. टायरचा प्रत्येक आवाज गाडीच्या शरीरात उतरतो. त्यातच धूळ आणि पाणी आत गेले की अस्तर झिजते आणि खडखड सुरू होते. भारतातल्या रोजच्या गाडीला ते सुचवणाऱ्याने तुमच्या गाडीत मागे बसून एकदा हिंजवडीला जाऊन यावे. इकडे जर्मनीत असे भाग रस्त्यावरच्या गाडीला बसवायचे तर त्यांची मंजुरीची कागदपत्रे लागतात, नाहीतर तपासणीत गाडी अडते. त्यामुळे लोक आपोआपच विचार करून खर्च करतात.

वाशिष्ठीचा_पाणकावळा (चिपळूण)

पॉलीबद्दल माझा कडू अनुभव सांगतो. मी एका अनोळखी कंपनीचे स्वस्त बुश मागवले होते. दुसऱ्या पावसाळ्यानंतर ते चिकट झाले, नखाने टवके निघू लागले. पॉलीयुरेथेन दोन प्रकारचे असते हे नंतर कळले: एस्टर जातीचे उष्ण दमट हवेत पाण्याने विघटित होते, ईथर जातीचे त्यापुढे बऱ्यापैकी टिकते. आमच्या कोकणात हा फरक पाहिल्याशिवाय खरेदी करू नये. विक्रेत्याला विचारा, त्याला प्रश्नच कळला नाही तर दुसरे दुकान गाठा.

कुरकुर हा दुसरा ताप. बसवताना सिलिकोनचे घट्ट ग्रीसच वापरा. गॅरेजमधले साधे पेट्रोलियम ग्रीस शेजारच्या रबरी बुशला लागले की ते रबर फुगते.

घाटातला_प्रवासी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. कोल्हापुरी_टर्बो, आईला पुढच्या सीटवर बसवण्याचा प्रस्ताव घरात मांडला होता. तिने तो फेटाळला आहे. ट्रेलिंग आर्मला मूळ रबर, टो लिंक आणि खालच्या लिंकला दोन्हीकडे ईथर जातीचे ८० चे पॉली, वरची लिंक तूर्त रबरी आणि अँटी-रोल बारला पॉली, असे ठरवतो आहे. ट्रेलिंग आर्मचे बुश लेथवाल्याकडे प्रेसवर बसवून घेणार आहे. बोल्ट आवळताना काही विशेष काळजी घ्यावी का?

जुना_मोल्डर (भोसरी)

निवड योग्य आहे. तरी आधी फक्त नवे रबर आणि अँटी-रोल बारचे बुश बसवून हजारभर किलोमीटर चालवून पाहा, असे मी सुचवेन. तुम्ही आज पॉलीची तुलना फाटलेल्या रबराशी करत आहात. नव्या रबरानेच बहुधा मोठा फरक पडेल आणि लिंकचे काम नंतरही करता येते.

आवळण्याबद्दल विचारलेत ते बरे केले. रबरी बुशचा बोल्ट गाडी लिफ्टवर, चाके लोंबकळत असताना कधीही पक्का आवळू नये. तसे केले तर गाडी खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते आणि नवा बुश अल्पावधीत फाटतो. काम सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवा. सगळे जोडून झाल्यावर जॅकने आर्म उचलून तेच अंतर आणा आणि मगच आवळा. घसरणाऱ्या पॉली बुशला ही अट नाही. जे बोल्ट ठरावीक कोनातून आवळायचे असतात ते ताणले जातात, म्हणून ते नवेच घ्या. शेवटी मागचा टो आणि कॅम्बर जुळवून घ्या, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.

प्रेसवर बसवताना जोर बाहेरच्या नळीवर येईल असा ठोकळा लेथवाल्याकडून आधी करून घ्या. आतल्या नळीवर दाब दिला तर रबर नळीपासून तिथेच सुटते, आणि ते वरून दिसतही नाही.