प्रत्येक सिद्धान्तातून ज्याला हवं तेच उत्तर निघतं, मग सिद्धान्त हवेत कशाला?

शंकासुर_२

मंडळी, जरा अडलोय. आमचा छोटा वाचनगट आहे. यंदा नीतिशास्त्र घ्यायचं ठरलं आणि सूत्रसंचालनाची माळ माझ्या गळ्यात पडली. पद्धत नेहमीचीच. एक वादग्रस्त प्रश्न घ्यायचा, त्याला आधी उपयुक्ततावाद (ज्यातून एकूण भलं जास्त, ते बरोबर) लावायचा, मग कान्ट, मग अ‍ॅरिस्टॉटल, आणि कोण काय म्हणेल ते बघायचं.

प्रश्न घेतला अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या डायलिसिस समितीचा. माहीत नसेल त्यांच्यासाठी: १९६० साली तिथल्या बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी हाताच्या धमनीत आणि शिरेत बसवून तशीच ठेवता येईल अशी टेफ्लॉनची नळी काढली. तोवर दर डायलिसिसला नवी रक्तवाहिनी उघडावी लागे, म्हणजे उपचार थोडेच दिवस चाले. आता मूत्रपिंडं कायमची गेलेला माणूसही वर्षानुवर्षं जगू शकणार होता. यंत्रं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. १९६२ मध्ये केंद्र सुरू झालं. पहिली चाळणी डॉक्टरांची: ४५ च्या पुढचे नकोत, लहान मुलं नकोत. त्यातून उरलेल्यांपैकी कोणाला यंत्र द्यायचं हे ठरवायला सात जणांची समिती. वकील, धर्मोपदेशक, बँकवाला, गृहिणी, सरकारी अधिकारी, कामगार पुढारी आणि एक सर्जन. नावं गुप्त. त्यांनी काय पाहिलं? लग्न झालंय का, मुलं किती, मिळकत, शिक्षण, नोकरी, चर्चला जातो का. त्याच वर्षी नोव्हेंबरात शॅना अलेक्झांडर यांनी ‘लाइफ’ या साप्ताहिकात हे सगळं छापलं आणि प्रकरण चव्हाट्यावर आलं.

आता आमच्याकडे काय झालं ते ऐका. एकीने उपयुक्ततावाद लावून समिती बरोबर ठरवली (चार पोरांचा बाप वाचला तर पाच जणांचं भलं). दुसऱ्याने तोच लावून ती चूक ठरवली (लोकांचा दवाखान्यावरचा विश्वास उडतो). ‘माणसाला साधन म्हणून वापरू नका’ हे कान्टचं वाक्य दोन्ही बाजूंनी फेकून झालं. अ‍ॅरिस्टॉटलचं ‘योग्यतेनुसार वाटप’ तर दोघांनाही सोयीचंच. थोडक्यात, आधी निकाल लिहायचा आणि मग कलम शोधायचं, असा कारभार.

दोष आमचा की सिद्धान्तांचा? की सरळ मनाला पटेल ते करावं आणि या थोरांना सुट्टी द्यावी?

बेरीजवाला

तुमच्या गटाने बेरीज अर्धवट सोडली, दुसरं काय. चार पोरं मोजली, पण अशी समिती *असण्याचा* परिणाम मोजला नाही. उद्या माझी मिळकत आणि धर्मश्रद्धा तपासून उपचार मिळणार हे कळलं की लोक खोटं बोलणार, वजन वापरणार, एकटे राहणारे दवाखान्यात उशिरा जाणार. हे सगळं हिशोबात घ्या आणि मग बोला.

शिवाय समिती कसली डोंबलाची उपयुक्ततावादी! चर्चला जाण्याने कोणाचं सुख किती वाढलं, हे त्यांनी मोजलं होतं का? आपल्यासारखे दिसणारे निवडले, बस. १९६८ मध्ये डेव्हिड सँडर्स आणि जेसी ड्युकमिनिअर यांनी एका कायदाविषयक लेखात टोमणा मारला होता की मूत्रपिंडं बिघडलेल्या थोरोने (रानात एकटा राहिलेला अमेरिकी लेखक) अमेरिकेच्या त्या वायव्य कोपऱ्यात राहू नये. एकटा, कमाई नाही, चर्च नाही. पहिल्याच फेरीत बाद.

उंटावरचा

एवढं डोकं कशाला शिणवताय? चिठ्ठ्या टाका. देवालाही दोष नाही, समितीलाही नाही.

रात्रपाळी

उंटावरचे भाऊ, चिठ्ठ्या टाका म्हणायला सोपं आहे. डब्यात कोणाकोणाची चिठ्ठी घालायची हे आधी ठरवावं लागतं, आणि सगळी गोम तिथेच असते. त्यावर येतेच.

आधी माझी ओळख, म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी डायलिसिस युनिटमध्ये टेक्निशियन होते, बहुतेक काळ रात्रीच्या पाळीला. नंतर हौसेने तत्त्वज्ञानात एम.ए. केलं. दोन्हीकडच्या लोकांनी मला वेड्यात काढलं.

शंकासुर, कान्टपासून सुरू करू. ‘केवळ साधन म्हणून वापरू नका’ हे सूत्र इथे बसतच नाही. ज्याला यंत्र मिळालं नाही त्याला कोणी कशासाठी वापरलं? त्याच्या मरणातून कोणी काही साधलं नाही. यंत्र कमी होतं आणि तो बाहेर राहिला. तुमचे दोघंही चुकीच्या वाक्यावरून भांडले. कामाचं वाक्य, हे सूत्र ज्या १७८५ च्या ग्रंथात आहे त्यातच थोडं पुढे आहे: कशालाही एकतर किंमत असते किंवा प्रतिष्ठा. जिला किंमत आहे तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी वस्तू चालते. प्रतिष्ठा असेल तिथे अशी अदलाबदल होत नाही. आता समितीचा कागद डोळ्यांपुढे आणा. ‘मिळकत’ असा रकाना आखला की दोन माणसांची अदलाबदल करता येईल असा दर ठरवायला तुम्ही बसलातच. नकार कोणाला तरी मिळणारच होता. तो रकाना मात्र टाळता आला असता.

अ‍ॅरिस्टॉटलचंही तसंच. वाटप योग्यतेनुसार व्हावं हे सगळ्यांना मान्य असतं, पण योग्यता कशाची यावर भांडण असतं, हे तो स्वतःच सांगतो. श्रीमंतांच्या राज्यात पैसा, लोकशाहीत स्वतंत्र नागरिक असणं, असं ज्याचं त्याचं माप. पण तो तिथेच थांबत नाही. दुसरीकडे बासरीचं उदाहरण देतो: उत्तम बासऱ्या उत्तम वाजवणाऱ्याला द्याव्यात, उच्च कुळातल्याला नव्हे. म्हणजे योग्यता ठरते ती वाटायची वस्तू कशासाठी आहे त्यावरून. डायलिसिसचं यंत्र रक्त शुद्ध करायला आहे. पदवीधरांचा सत्कार करायला नाही. बर्नार्ड विल्यम्स या तत्त्वज्ञाने १९६२ सालीच (समिती बसली तेच वर्ष, योगायोग बघा) लिहिलं की उपचार मिळण्याचं उचित कारण म्हणजे आजारपण. हे मान्य केलं की मिळकत, शिक्षण, चर्च हे रकाने आपोआप गळतात. तेव्हा ‘काहीही सिद्ध करता येतं’ हे काही मला पटत नाही. नीट वाचलं तर बरंच काही सिद्ध करता *येत नाही*.

आता खरी अवघड जागा. सगळे म्हणतात, सामाजिक निकष नकोत, फक्त वैद्यकीय ठेवा. माझं डोकं तिथे ठणकायला लागतं.

डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास. पेशंट आला की आधी वजनकाट्यावर. अंगात साठलेलं पाणी काढून टाकल्यावर जे वजन राहायला हवं ते त्याचं ड्राय वेट. त्यापेक्षा जितकं जास्त, तितकं पाणी त्या दिवशी काढायचं. आमच्याकडे एक जण दोन दिवसांच्या खंडानंतर आला की चार-साडेचार किलो वाढवून यायचा. एवढं पाणी चार तासांत ओढलं की बीपी धाडकन खाली, पायात गोळे, घामाघूम. मधूनच यायचाच नाही. त्याच्या फाइलवर लाल पेनने ‘नॉन-कम्प्लायंट’, म्हणजे सांगितलेलं न पाळणारा. त्याच्या शेजारच्या खुर्चीतला दुसरा दीड किलोच्या वर कधी गेला नाही. बायको दिवसाचं पाणी बाटलीत मोजून द्यायची, ने-आण करायला मुलगा.

आता यंत्र एकच आहे असं समजा. ‘वैद्यकीयदृष्ट्या’ दुसराच निवडला जाणार. मिळकत कोणी विचारणार नाही, लग्न कोणी विचारणार नाही, सगळ्यांचे हात स्वच्छ. पण पहिला मालवाहू गाडीवर ड्रायव्हर होता. दिवसभर तापलेल्या केबिनमध्ये, घरी कोणी नाही, सकाळची पाळी चुकली की त्या दिवसाचं डायलिसिस गेलं. म्हणजे मिळकत, नोकरी, लग्न हे तिन्ही रकाने त्या लाल शब्दात बसलेलेच होते, फक्त पांढरा कोट घालून. सिअ‍ॅटलमध्येही ‘भावनिक परिपक्वता’ आणि ‘पुन्हा कामाला लागण्याची शक्यता’ बघत होतेच की.

त्याला रात्रीची पाळी दिली. वाढ अडीचवर आली. मग गोळे कमी, दांड्याही कमी. लाल अक्षरं तशीच राहिली फाइलवर, ती कोण खोडतंय.

म्हणून बेरीजवाल्यांनाही माझं सांगणं आहे. ‘कोणाला जास्त फायदा होईल’ हा आकडा माणसाच्या अंगावर छापून येत नाही. त्यातला बराचसा आपणच ठरवलेल्या वेळापत्रकातून येतो.

आता चिठ्ठ्या. गटाला दोन लेख एकत्र वाचायला द्या: निकोलस रेशर, १९६९ आणि जेम्स चाइल्ड्रेस, १९७०. दोघंही याच प्रश्नावर. रेशर म्हणतो, वैद्यकीय चाळणीनंतर कुटुंबाची जबाबदारी, पूर्वी केलेली सेवा, पुढचं संभाव्य योगदान हेही बघा. चाइल्ड्रेस म्हणतो, असं तोलणं म्हणजे माणसाला त्याच्या भूमिकांपुरतं उरवणं. चाळणीनंतर चिठ्ठी टाका किंवा आधी येईल त्याला द्या. लोक पहिल्याला उपयुक्ततावादी आणि दुसऱ्याला कान्टवादी अशी लेबलं लावतात आणि घरी जातात. शेवटपर्यंत वाचा. शेवटच्या यादीतल्यांमध्ये फार मोठा फरक नसेल तर चिठ्ठीनेच निवडा, असं रेशर स्वतः म्हणतो. आणि देशावर मोठं संकट असताना ज्याच्यावाचून चालणारच नाही अशा एखाद्या माणसासाठी चाइल्ड्रेस फट ठेवतो. सुरुवातीला दोन टोकांवर उभे असलेले दोघं भांडता भांडता कुठे येऊन ठेपतात? तर ‘फरक किती मोठा असला की चिठ्ठी बाजूला ठेवायची’ इथे. यावर तुमच्या गटाला खरंच भांडता येईल. ‘कान्ट की मिल (उपयुक्ततावादाचा मोठा पुरस्कर्ता)’ यावर फक्त वेळ जातो.

आणि एक. १९७२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मूत्रपिंडं निकामी झालेल्यांचा डायलिसिसचा खर्च मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्यात घेतला. यंत्रं वाढली, तशा निवड-समित्यांचं कामच उरलं नाही. त्या सात जणांनी ‘कोणाला’ यावर रात्री जागवल्या असतील, पण ‘यंत्रं इतकीच का’ हा प्रश्न त्यांच्या टेबलावर कोणी ठेवलाच नव्हता.

बेरीजवाला

वेळापत्रकाचा मुद्दा मान्य, वहीत टिपून ठेवला. पण १९७२ चं असं गोड करून सांगू नका. तो पैसा आकाशातून पडला नाही. मूत्रपिंडवाल्यांना मिळालं कारण त्यांचे चेहरे साप्ताहिकात आले होते. ज्या रोगांचे चेहरे आले नाहीत ते रांगेतच राहिले. समिती गेली नाही, वर सरकली.

रात्रपाळी

हे मात्र खरं बोललात.

शंकासुर_२

रात्रपाळी, कान्टचं वाक्य बदलून उद्याच बघतो. एक राहिलं. ती ४५ ची अट. आमच्याकडे अर्धे म्हणतात वय हा सर्वांत निष्पक्ष निकष, कारण म्हातारपण सगळ्यांनाच येतं. उरलेले म्हणतात हीही किंमतच लावणं झालं. हा रकाना ठेवायचा की खोडायचा?

रात्रपाळी

‘वय’ म्हणताना तुमचे लोक दोन वेगळ्या गोष्टी बोलत असणार. एक, म्हाताऱ्याला पुढची वर्षं कमी मिळतील. ही बेरीज. दुसरं, त्याच्या वाट्याची वर्षं त्याला मिळून गेली आहेत. हा न्यायाचा मुद्दा. बहुतेक वेळा दोन्ही एकाच माणसाकडे बोट दाखवतात, म्हणून वेगळ्या आहेत हे लक्षात येत नाही. त्यांना तोडून बघा. तीस वर्षांची एक बाई, दुसरा एक आजार असल्यामुळे यंत्र मिळूनही दोनच वर्षं जगेल. सत्तरीचा एक गृहस्थ, ठणठणीत, यंत्र मिळालं तर दहा वर्षं काढेल. यंत्र एक. बेरीज सत्तरीच्या बाजूने, वाट्याचा हिशोब तिशीच्या बाजूने. गटातल्या प्रत्येकाने आधी कागदावर एक नाव लिहायचं, मग तोंड उघडायचं. नाहीतर पहिला बोलेल त्याच्या मागे सगळे जातात.

माझा कागद विचाराल तर मी तिशीचं नाव लिहिते. बेरीजवाल्यांना झोप लागणार नाही, पण इलाज नाही.

उंटावरचा

आणि सत्तरीचे काका स्वतःच म्हणाले, ‘माझं काय राहिलंय, तिला द्या,’ तर? मग तुमचे सगळे सिद्धान्त घरी.

रात्रपाळी

म्हणतात तसं, बरेच जण म्हणतात. तेव्हा मी आधी बघायचे, बोलताना खोलीत आणखी कोण उभं आहे. मग सून-मुलगा खाली औषधं आणायला गेले की एकट्याला पुन्हा विचारायचं. उत्तर तेच आलं तर लिहून घ्यायचं. पुष्कळदा तेच येत नाही.