मदत हवी आहे: झॅबिक्समध्ये यूपीएसची बॅटरी येत नाही, हाताने कमांड चालते

कृष्णाकाठ_आयटी (शुक्रवार, सायं. ६:४०)

नमस्कार मंडळी. आमच्या पतसंस्थेच्या सगळ्या शाखांत झॅबिक्स (सर्व्हर-नेटवर्कवर नजर ठेवणारी प्रणाली) एजंट बसवला आहे. सर्व्हर, डिस्क, स्विच नीट दिसतात. आता प्रत्येक शाखेतल्या यूपीएसची बॅटरी किती टक्के आहे ते मुख्य कार्यालयात दिसायला हवे, म्हणून युझर पॅरामीटर (एजंटला आपली कमांड जोडून देणारी ओळ) लिहिला. शाखेतल्या मशीनवर कमांड हाताने दिली की आकडा बरोबर येतो, झॅबिक्समध्ये मात्र आयटम (ज्यात तो आकडा यायचा ती नोंद) 'नॉट सपोर्टेड'. एजंट रिस्टार्ट केला, सर्व्हरही केला, फरक नाही.

दुसरे म्हणजे टेलिग्रामवर अलर्ट मला येतो, शाखाधिकाऱ्यांना येत नाही.

सोमवारी संचालक मंडळापुढे दाखवायचे आहे. लवकर कोणी सांगेल का? इंग्रजी फोरम पालथे घालून झाले, तिकडच्या लिंका नकोत.

रात्रपाळी (सायं. ६:५५)

व्हर्जन कोणते? एजंट की एजंट २? लिनक्स कुठले? यूपीएस यूएसबीने जोडलाय की त्यात एसएनएमपी (नेटवर्कवरून माहिती देणारे) कार्ड आहे? युझर पॅरामीटरची ओळ जशीच्या तशी टाका. आणि आयटमच्या यादीत 'नॉट सपोर्टेड'शेजारी छोटे चिन्ह असते, त्यावर माउस नेल्यावर जे वाक्य येते ते हवे आहे. त्याशिवाय नुसता अंदाजच होईल.

डोंबिवली_लोकल (सायं. ७:१०)

राग मानू नका, पण २०२० नंतर नवीन उभारणी करताना झॅबिक्स कशाला? त्याच कामाचे प्रोमिथियस घ्या. यूपीएसशी बोलणाऱ्या नट या सॉफ्टवेअरचा एक्सपोर्टर तयार मिळतो, यूपीएसचे सगळे आकडे थेट येतात, ग्राफानावर डॅशबोर्ड टाकला की संचालक मंडळ खूश. प्रोमिथियस २०१८ सालीच सीएनसीएफमधून (क्लाउड नेटिव्ह कम्प्युटिंग फाउंडेशन) पक्का प्रकल्प म्हणून ग्रॅज्युएट झालाय, प्रयोगशाळेतली वस्तू नाही.

जुना_नागिओस (सायं. ७:२५)

@डोंबिवली_लोकल, त्यांचे सगळे चालू आहे, एक आयटम अडलाय. एका आयटमसाठी अख्खी यंत्रणा बदला म्हणणे बरोबर नाही.

हे बसवण्याआधी विचारले असते तर मी नागिओस (नजर ठेवणारीच जुनी प्रणाली) सांगितले असते. १९९९ मध्ये ते नेटसेंट नावाने आले, आणि त्याच्या प्लगिनचा (तपासणी करणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) करार साधा आहे. एक्झिट कोड ० म्हणजे ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ माहीत नाही. पहिल्या ओळीत मजकूर आणि उभ्या रेघेपुढे आलेखाचे आकडे. शेल, पर्ल, पायथन, कशातही लिहा. चेक_यूपीएस तर मूळ प्लगिनांच्या संचातच आहे.

मूळ प्रश्नाबद्दल: झॅबिक्स नावाच्या युझरला यूएसबी उपकरण वाचायची परवानगी नसणार. तुम्ही हाताने रूट म्हणून चालवताय. युडेव्हचा (लिनक्समध्ये उपकरणांच्या परवानग्या ठरवणारा) नियम लिहा.

मानसी_प (सायं. ७:४०)

@जुना_नागिओस, नट असेल तर परवानगीचा प्रश्न येत नाही. यूएसबी हातात धरतो तो ड्रायव्हर. नटची यूपीएससी कमांड फक्त यूपीएसडी या नटच्याच सेवेला ३४९३ पोर्टवर विचारते, तेवढे कोणताही युझर करू शकतो. युडेव्हमध्ये घुसू नका, चालू आहे ते बिघडेल.

माझा संशय सेलिनक्सवर (लिनक्सची सुरक्षा यंत्रणा). लॉगमध्ये 'डिनाइड' दिसतेय का बघा.

वऱ्हाडातून (रात्री ८:०५)

बॅटरी टक्के बघण्यापेक्षा बॅटरी कुठे ठेवलीय ते बघा. लेड अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. त्यावर दर १० अंशांमागे ते साधारण निम्मे होते. आमच्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ४० च्या वर पारा असतो, पाच वर्षांची म्हणून घेतलेली बॅटरी दोन वर्षांत मान टाकते. शाखांमध्ये यूपीएस जिन्याखाली किंवा झेरॉक्स मशीनच्या मागे कोंबलेला असतो. आधी तो हलवा. ट्यूब्युलर असेल तर पाण्याची पातळीही बघा.

कृष्णाकाठ_आयटी (रात्री ८:५०)

बॅटरी कुठे ठेवायची हा प्रश्न नाहीये, तरी आभार.

झॅबिक्स ६.०, जुना एजंट. डेबियन १२, सेलिनक्स नाही. यूपीएस स्थानिक कंपनीचे, १ केव्हीए, यूएसबीने जोडलेले, नट वापरतो, ड्रायव्हर नटडीआरव्ही_क्यूएक्स. ओळ अशी:

युझरपॅरामीटर=यूपीएस.चार्ज,यूपीएससी यूपीएस१@लोकलहोस्ट बॅटरी.चार्ज

चिन्हावरचे वाक्य: व्हॅल्यू ऑफ टाइप "स्ट्रिंग" इज नॉट सुटेबल फॉर व्हॅल्यू टाइप "न्यूमेरिक (अनसाइन्ड)".

हाताने १०० येते. १०० हा आकडाच आहे ना? मग स्ट्रिंग कुठून आली?

जुना_नागिओस (रात्री ९:००)

म्हणजे ओळ वाचलीच जात नाहीये. इन्क्लूडचा फोल्डर चुकीचा असेल. डेबियनच्या पॅकेजमध्ये आणि झॅबिक्सच्या स्वतःच्या पॅकेजमध्ये फोल्डरची नावे वेगळी असतात.

रात्रपाळी (रात्री ९:०८)

नाही. ओळ वाचली नसती तर 'अनसपोर्टेड आयटम की' आले असते. इथे एजंटने कमांड चालवली, उत्तरही आणले, ते सर्व्हरला आकडा म्हणून पटले नाही. म्हणजे १०० बरोबर आणखी काहीतरी येतेय.

धागाकर्ते, तो मेसेज तिथे संपत नाही. पुढे "व्हॅल्यू" म्हणून नेमके काय आले ते लिहिलेले असते, पूर्ण टाका. आणि शाखेच्या मशीनवर झॅबिक्स युझर म्हणून एजंटडीला 'वजा टी' देऊन तीच की चालवा. चौकटी कंसात जे येईल ते शब्दन् शब्द इथे द्या.

धुळे_डीबीए (रात्री ९:३०)

हे सोडवताय तोवर एक विचारतो. हिस्टरी (साठवलेले जुने आकडे) किती दिवस ठेवलीय? शाखा वाढल्या की टेबल फुगते आणि झॅबिक्सचा हाउसकीपर जुना डेटा रात्रभर डिलीट करत बसतो. पोस्टग्रेसवर टाइमस्केलडीबी घ्या, जुने तुकडे सबंध काढून टाकता येतात. मायएसक्यूएल असेल तर आत्ताच पार्टिशन करा.

कृष्णाकाठ_आयटी (रात्री ९:५५)

@धुळे_डीबीए नंतर बघतो, आत्ता डोके तिकडे नेऊ नका.

@रात्रपाळी, 'वजा टी'चे उत्तर:

यूपीएस.चार्ज [टी|इनिट एसएसएल विदाउट सर्टिफिकेट डेटाबेस
१००]

वरची ओळ हाताने चालवतानाही नेहमी दिसते. नटची सूचना आहे, म्हणून लिहिली नव्हती. एसएसएल बसवावे लागेल का?

मानसी_प (रात्री १०:०२)

सापडले. एसएसएलची गरज नाही. ती ओळ स्टँडर्ड एररवर जाते, १०० स्टँडर्ड आउटपुटवर. टर्मिनलवर दोन्ही एकाखाली एक दिसतात म्हणून फरक कळत नाही. झॅबिक्सचा युझर पॅरामीटर मात्र आउटपुट आणि एरर दोन्ही मिळून एकच उत्तर धरतो, त्यांच्या मॅन्युअलमध्ये तसे लिहिलेले आहे. अक्षरे आणि १०० मिळून आकडा होत नाही. आयटमचा प्रकार टेक्स्ट असता तर तो बिनतक्रार चालला असता.

कमांडच्या शेवटी २>/डेव्ह/नल लावा, म्हणजे एररवरची ओळ टाकून दिली जाते. ६.० मध्ये एजंट रिस्टार्ट करायचीही गरज नाही, 'वजा आर युझरपॅरामीटर_रीलोड' दिले तरी पुरते.

कृष्णाकाठ_आयटी (रात्री १०:२०)

आला! पहिल्या शाखेचा आकडा आला. मानसीताई, रात्रपाळी, मनापासून आभार. तीन संध्याकाळी यात गेल्या होत्या.

आता व्होल्टेज, लोड, स्टेटस, सगळ्यांसाठी अशाच ओळी लिहितो.

रात्रपाळी (रात्री १०:३१)

थांबा, तशा लिहू नका. प्रत्येक आयटम वेगळी कमांड चालवेल. एकच मास्टर आयटम ठेवा, प्रकार टेक्स्ट, कमांड 'यूपीएससी यूपीएस१@लोकलहोस्ट २>/डेव्ह/नल', म्हणजे सगळी यादी एका फटक्यात येईल. त्याची हिस्टरी ठेवू नका. त्याखाली डिपेंडंट आयटम करा आणि प्रीप्रोसेसिंगमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने 'बॅटरी.चार्ज:'पुढचा आकडा उचला. ३.४ पासून ही सोय आहे. सगळे आकडे एकाच क्षणाचे मिळतात, टेम्प्लेट सगळ्या शाखांना तसेच लागते आणि उद्या नवीन आकडा हवा झाला तर शाखेतल्या मशीनला हात लावावा लागत नाही.

व्होल्टेजचा प्रकार न्यूमेरिक फ्लोट घ्या.

आणि ट्रिगर (अलर्टची अट) टक्क्यांवर लावू नका, यूपीएस.स्टेटसवर लावा. ओएल म्हणजे मेनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, एलबी म्हणजे बॅटरी संपत आली. तुमच्या ड्रायव्हरमध्ये टक्के बऱ्याचदा व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो. २४ व्होल्टच्या जोडीला तो २६ व्होल्टला १०० टक्के आणि २०.८ ला शून्य धरतो. वीज आल्यावर चार्जर २७ च्या आसपास व्होल्टेज देतो, की लगेच १०० टक्के दिसायला लागते. बॅटरी मात्र तेव्हा रिकामीच असते.

वऱ्हाडातून (रात्री १०:४०)

हेच मी म्हणत होतो, टक्क्यांवर भरवसा ठेवू नका. दर सहा महिन्यांनी लोड टाकून किती मिनिटे चालते ते घड्याळ लावून बघा.

नगरचा_नेटवर्कवाला (रात्री ११:०५)

एलबी आला की झॅबिक्सच्या रिमोट कमांडने शाखेचा सर्व्हर बंद करता येतो. अ‍ॅक्शनमध्ये कमांड टाका, झाले.

मानसी_प (रात्री ११:१२)

कृपा करून असे करू नका. वीज गेली की शाखेतला राउटर किंवा इंटरनेटवाल्याचा डबा आधी बंद पडतो. मुख्य कार्यालयातून निघालेली कमांड पोहोचणारच नाही आणि कोअर बँकिंगचे मशीन धाडकन बंद होईल. बंद करायचे काम नटच्या यूपीएसमॉनचे, ते त्याच मशीनवर चालते, नेटवर्क लागत नाही. झॅबिक्सने बघावे आणि सांगावे, एवढेच.

नगरचा_नेटवर्कवाला (रात्री ११:२०)

राउटर यूपीएसवर घेतला तर पोहोचेल की.

मानसी_प (रात्री ११:२४)

राउटर घेतला, पण रस्त्यावरच्या खांबावरचे फायबरचे उपकरण कोणाच्या यूपीएसवर आहे? ते तुमच्या हातात नाही. राउटर यूपीएसवर घ्याच, पण तेवढा बॅटरीवर गेल्याचा अलर्ट निघावा म्हणून. आणि शाखेकडून पाच मिनिटे काहीच आले नाही तर ओरडणारा नोडेटाचा ट्रिगर वेगळा लावा.

डोंबिवली_लोकल (रात्री ११:३०)

टेलिग्राम कशाला, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. शाखाधिकारी टेलिग्राम उघडत नाहीत, हे तुमच्या अलर्ट न येण्याचे खरे कारण.

जुना_नागिओस (रात्री ११:४२)

व्हॉट्सअ‍ॅपचा अधिकृत मार्ग बिझनेस एपीआय, त्यात आपण होऊन मेसेज पाठवायचा तर टेम्प्लेट मंजूर करून घ्यावे लागते. वेब व्हॉट्सअ‍ॅप चालवणाऱ्या ज्या लायब्ररी फिरतात त्या त्यांच्या अटींत बसत नाहीत, नंबर बंद होऊ शकतो. पतसंस्थेच्या नंबरवर हा खेळ करू नका. एसएमएस गेटवे घेतलात तर डीएलटीवर (दूरसंचार कंपन्यांची एसएमएस नोंदणी व्यवस्था) हेडर आणि टेम्प्लेट नोंदवा. सोमवारपर्यंत यातले काही होणार नाही. टेलिग्रामवरच राहा.

रात्रपाळी (रात्री ११:५०)

टेलिग्रामसाठी दोन गोष्टी बघा. एक, शाखाधिकाऱ्यांनी बॉटला आधी स्वतः 'स्टार्ट' केले आहे का? बॉट आपण होऊन कुणाला पहिला मेसेज पाठवू शकत नाही. दोन, त्यांच्या युझर ग्रुपला त्या शाखेच्या होस्ट ग्रुपची 'रीड' परवानगी आहे का? ज्याला होस्ट दिसत नाही त्याला झॅबिक्स त्या होस्टचा अलर्ट पाठवत नाही. तुम्ही सुपर अ‍ॅडमिन असणार, म्हणून तुम्हाला सगळे येते.

ग्रुपमध्ये पाठवणार असाल तर चॅट आयडीचे उणे चिन्ह विसरू नका. साधा ग्रुप पुढे सुपरग्रुप झाला की आयडी बदलतो, तेव्हा मीडियामधला पण बदला.

कृष्णाकाठ_आयटी (शनिवार, सकाळी ११:१५)

परवानगीच होती. शाखाधिकारी असा युझर ग्रुप केला होता, त्याला कुठलाच होस्ट ग्रुप दिला नव्हता. रीड दिल्यावर पाच जणांना टेस्ट अलर्ट गेला. दोघांनी बॉट सुरू केलेला नव्हता, फोन करून करवून घेतला.

मास्टर आयटम आणि डिपेंडंट आयटमचे टेम्प्लेट केले, सगळ्या शाखांना लावले. यूपीएसमॉनही सुरू करतोय. एकच राहिले: किती मिनिटे बॅकअप उरला हे संचालक विचारणारच. बॅटरी.रनटाइम माझ्या यादीत येतच नाही.

मीरज_जंक्शन (सकाळी ११:३०)

वाचनखूण साठवली. आमच्या दवाखान्यात हीच अडचण आहे.

रात्रपाळी (दुपारी १२:१०)

यूपीएस स्वतः सांगत नसेल तर यूपीएस.कॉन्फमध्ये रनटाइमकॅल द्यावे लागते. '२४०,१००,७२०,५०' म्हणजे पूर्ण लोडला २४० सेकंद आणि निम्म्या लोडला ७२० सेकंद. हे मॅन्युअलमधले उदाहरण आहे, तसेच उचलू नका, मिनिटे खोटी दिसतील. तुमचे आकडे बॅटरीवर चालवून मोजावे लागतील. वऱ्हाडवाल्यांनी सांगितलेली घड्याळाची चाचणी इथे उपयोगी पडेल. उद्या रविवार आहे, एका शाखेत सर्व्हर बंद करून तेवढ्याच वॉटचे दिवे लावून करा, आणि आधी बॅटरी रात्रभर चार्ज होऊ द्या. प्रत्येक शाखेच्या बॅटरीचे वय वेगळे, त्यामुळे सोमवारी फक्त मोजलेल्या शाखेचीच मिनिटे दाखवा, बाकीच्यांची ओएल-ओबी स्थिती दाखवा.