मदत हवी आहे: इतिहासाचा तास आणि ऑर्केस्ट्राची तालीम कशी जोडावी?

नमस्कार मंडळी. मी विद्यापीठात पाश्चात्त्य संगीताचा इतिहास शिकवते आणि विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्राचं संचालनही करते. पुढच्या सत्रात बीथोव्हेनची तिसरी सिंफनी बसवायची आहे. वर्गातही तीच शिकवावी, असं मनात आहे.

अडचण लयीची आहे. या सिंफनीचा पहिला जाहीर प्रयोग 1805 मध्ये व्हिएन्नात झाला, पण तिचे मेट्रोनोमचे (ठोके देऊन लय मोजणाऱ्या यंत्राचे) आकडे बीथोव्हेनने 1817 मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या भागासाठी त्याने मिनिटाला 60 बार, म्हणजे तालाची 60 आवर्तनं, दिले आहेत. वर्गात मी हे सांगणार, आणि तालमीत मुलांचे व्हायोलिनचे वेगवान तुकडे त्या लयीत विस्कटणार! लय उतरवली तर स्वर स्वच्छ येतात, पण त्या संगीतातली धडपड, ती रेटा देणारी ऊर्जा हरवते. मला ती सोडवत नाही.

दुसरं, हॉर्नचं. त्या काळच्या हॉर्नला (फुंकून वाजवायच्या पितळी वाद्याला) स्वर बदलणारे व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, नव्हते; काही स्वर वाद्याच्या पसरट तोंडात हात घालूनच काढावे लागत. आमच्याकडे आधुनिक हॉर्न आहेत. हा फरक नुसत्या ध्वनिमुद्रणातून कळतो का?

दोन्ही कामं करणाऱ्यांनी कृपया सांगा: विद्यार्थ्यांसाठी लय कशी ठरवता? तालमीचा वेळ न खाता इतिहास कुठे आणता? आणि वाद्य न वाजवणाऱ्या, फक्त इतिहास शिकणाऱ्या मुलांना तालमीला बसवून त्यांच्या हाती स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) दिला, तर नेमकं काय शोधायला सांगावं?