मेकाँग डेल्टात नदीकाठच्या घरगुती लॉजमध्ये राहायचंय, सासूबाईंना झेपेल का?

जास्वंद७

नमस्कार मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दक्षिण व्हिएतनामला जायचं ठरतंय, मुंबईहून थेट हो ची मिन्ह सिटी. मी, नवरा, नववीतली लेक आणि सासूबाई. वय ७१, गुडघे कुरकुरतात पण हौस दांडगी. मेकाँग डेल्टासाठी जो तो एजंट एका दिवसाची टूर गळ्यात मारतोय, म्हणजे सकाळी बसमध्ये कोंबायचं, 'मी थो' नावाच्या गावात उतरवायचं, नारळाच्या गोळ्यांचा कारखाना, मधाचा चहा, अजगर खांद्यावर घेऊन फोटो, थोडा वेळ होडी की संध्याकाळी परत. मला हे नकोय. एखाद्या कुटुंबाने चालवलेलं नदीकाठचं लॉज किंवा होमस्टे, घरचं जेवण, दारात होडी, अशा ठिकाणी दोन रात्री काढाव्यात असं मनात आहे.

नवरा म्हणतो आईला घेऊन कुठे चिखलात जातेस. सासूबाई म्हणाल्या मी गुहागरची आहे, चिखलाचं मला नको सांगूस.

तर बेन त्रे, व्हिन्ह लाँग की कान थो? बाथरूम कशी असतात? साबा (सासूबाई) पक्क्या शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, त्यांचं काय करायचं? आणि डास??

उनाड_पाऊल

बिनधास्त जा. एका दिवसाच्या टूरबद्दल तुमचं मत अगदी बरोबर आहे, बसमध्येच निम्मा दिवस जातो.

मी बेन त्रेला राहिलोय. हो ची मिन्हहून गाडीने दोन-अडीच तास, सगळीकडे नारळच नारळ. मालक-मालकीण, त्यांची मुलगी आणि आजी असं घर, आणि मागे बागेत चार-पाच खोल्या, लाकडी, वर झावळ्यांचं छप्पर. छप्पर बघून घाबरू नका, आत कमोड, गरम पाण्याचा शॉवर आणि आपल्याला हवा असतो तो जेट स्प्रेसुद्धा होता, व्हिएतनाममध्ये तो जवळजवळ सगळीकडे असतो. पलंगावर मच्छरदाणी. चपला दाराबाहेर काढायच्या, घरात शिरल्या शिरल्या समोर पूर्वजांचं देवघर, त्यावर फळं, उदबत्त्या. आजी रोज सकाळी तिथे उदबत्ती लावायच्या.

आता महत्त्वाचं सांगतो, हे बुकिंगच्या साइटवर कोणी लिहीत नाही. तिथे सगळं भरती-ओहोटीवर चालतं. समुद्र लांब असला तरी खाड्यांमधून भरती आत येते, दिवसातून दोनदा पाणी वर-खाली. आम्ही आठ वाजता होडीने जाऊ म्हटलं तर मालक नुसते हसले आणि बोटाने घड्याळावर सहा दाखवले. दुपारी परत आलो तेव्हा कळलं, आमच्या खोलीसमोरच्या कालव्यात पाणीच नाही, नुसता काळा चिखल, त्यात छोटे खेकडे आणि आपल्याकडच्या खाडीत असतात तसे निवटे उड्या मारतायत, सकाळची होडी तिरकी होऊन पडलेली. रात्री परत पाणी पायरीला लागलेलं. सासूबाईंना हे बघायला जाम आवडेल, लिहून ठेवा.

म्हणून बुक करताना मालकांना विचारा की आमच्या तारखांना होडी किती वाजता निघेल. ज्याला हे लगेच सांगता येतं तो खरा तिथला माणूस. जो म्हणेल एनी टाइम मॅडम, तो शहरात बसून फोन घेणारा एजंट.

सांजसकाळ

उनाड_पाऊल यांना +१. एक पुस्ती जोडते, आम्ही मार्चमध्ये गेलो होतो तेव्हा बेन त्रेला आंघोळीचं पाणी चक्क मचूळ होतं. कोरड्या दिवसांत, साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, नदीला वरून पाणी कमी येतं आणि समुद्राचं खारं पाणी आत घुसतं. २०१६ आणि २०२० ला तर शेती, फळबागा सगळ्यांचे फार हाल झाले होते तिकडे. घरोघरी पावसाचं पाणी साठवायला माणसाच्या छातीएवढे रांजण ठेवलेले असतात, एकाच्या शेजारी एक. डिसेंबरअखेर तुम्हाला हा त्रास होऊ नये, पाऊस संपलेला असतो आणि नदीही भरलेली असते, जायला उत्तम वेळ आहे.

अजून एक, पत्ता बघून गोंधळू नका. १ जुलै २०२५ पासून बेन त्रे आणि चा विन्ह हे दोन्ही प्रांत व्हिन्ह लाँगमध्ये विलीन केलेत, त्यामुळे लॉज बेन त्रेचं असलं तरी नवीन पत्त्यात व्हिन्ह लाँग लिहिलेलं दिसतं. माझी मैत्रीण टॅक्सीवाल्याला नुसतं प्रांताचं नाव सांगून भलतीकडेच पोचली होती. मालकांकडून लोकेशनचा पिन मागवून घ्या.

वरणभात_लिंबू

शाकाहाराचं मी सांगतो कारण मी त्यातूनच तरलोय. तिकडे "आन चाय" म्हणजे शाकाहारी खाणारा, हे लहान पोरालाही कळतं. बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला चाय जेवतात, त्यामुळे स्वयंपाक करणाऱ्या बाईला ही भानगड नवीन नसते, उलट आजीबाई चाय खातात म्हटल्यावर मान वाढतो. बऱ्याच चाय जेवणात कांदा-लसूणही नसतो. धोका एकच, नूक माम म्हणजे माशाचा सॉस. तो भाजीत, चटणीत, डिपमध्ये, सगळीकडे. त्याऐवजी सोया सॉस मागायचा. आणि हे आदल्या दिवशीच सांगायचं, ताटावर बसल्यावर नाही.

बाँ सेओ नावाचा प्रकार जरूर करायला सांगा, तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि हळद, थेट आपल्या घावनासारखा पण कुरकुरीत. आत एरवी कोळंबी आणि डुकराचं मांस घालतात, तुमच्यासाठी मोड आलेले मूग आणि मशरूम घालतील. तवा मात्र वेगळा मागत बसू नका, ते होणार नाही, साबांना हे आधीच कानावर घालून ठेवा. आणि बॅगेत मेतकूट टाका, भात तिथे कधीही मिळतो.

घरात बाकीच्यांसाठी हत्तीकानी मासा होणारच. अख्खा तळून लाकडी स्टँडवर उभा करून आणतात, खवल्यांसकट, मग त्याचे तुकडे पालेभाजी आणि पुदिन्याबरोबर तांदळाच्या पातळ पापडात गुंडाळायचे. साबांना मासा समोर चालत नसेल तर टेबलाचं दुसरं टोक पकडा.

खडूस_काका

सगळे गोडगोड लिहितायत म्हणून दुसरी बाजू. पहाटे चार-साडेचारला मालवाहू होड्यांची इंजिनं सुरू होतात, फट फट फट, आणि लाकडी भिंतीतून सगळं ऐकू येतं. कोंबडे वेगळे. संध्याकाळी शेजारच्या घरी कॅराओके, माणसाएवढा स्पीकर अंगणात आणि गावातला प्रत्येक काका गायक. आम्ही राहिलो त्या ठिकाणी फोटोत नदी होती, प्रत्यक्षात खोली डुकरांच्या गोठ्यामागे, आणि विचारलं तर म्हणे रिव्हर व्ह्यू जेवणघरातून आहे. नाव लिहीत नाही पण धडा घ्या, खोलीच्या खिडकीतून काढलेला फोटो मागवा.

गुडघ्यांचं तर कोणी बोललंच नाही. वल्ह्याच्या छोट्या होड्या पाण्याला टेकलेल्या असतात, चढायला-उतरायला शेवाळलेल्या फळ्या. ७१ व्या वर्षी? माझं मत, कान थोला निन्ह किउ घाटाजवळ लिफ्टवालं हॉटेल घ्या आणि तिथून मोठ्या होडीने काय राँगचा तरंगता बाजार बघा. पहाटे साडेपाचला निघायचं. त्या बाजाराकडूनही फार अपेक्षा ठेवू नका. रस्ते झाले, २०१० ला हाऊ नदीवर कान थोचा पूल झाला, माल ट्रकने जायला लागला, व्यापारी हळूहळू किनाऱ्यावर गेले. अजून काही होड्यांवर उंच बांबूला अननस, भोपळा, कंद टांगलेले दिसतात, जे टांगलंय ते विकायला आहे असं समजायचं. पण सातनंतर गेलात तर पर्यटकच पर्यटकांना बघतायत.

उनाड_पाऊल

काका, कॅराओकेचं १००% खरं 😂 पण दहाच्या आसपास आमच्याकडे तरी बंद झालं. आणि मालकांनी मला पण माईक दिला होता, मी "गे मायभू" म्हटलं, टाळ्या पडल्या.

छोट्या होडीबद्दल काकांशी सहमत. पण मोठी इंजिनवाली होडीसुद्धा मिळते, खुर्च्या असतात, लाइफ जॅकेट देतात, चढताना दोन माणसं हात धरतात. आधी सांगा, धक्क्यावरून चढायची सोय आहे का विचारा.

जास्वंद७

सगळ्यांचे खूप आभार! सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. मेतकुटाला मान डोलावली, तव्यावरून जरा तोंड वाकडं झालं, मग म्हणाल्या चालेल, दोन दिवसांचा प्रश्न आहे. नवऱ्याला काकांचं पटलं, अर्थातच. आता विचार असा की दोन रात्री बेन त्रेला घरगुती ठिकाणी आणि एक रात्र कान थोच्या हॉटेलात. वाटेत काही बघण्यासारखं आहे का? आणि पासपोर्ट मालक ठेवून घेतात असं कुठेतरी वाचलं, ते खरं का?

सांजसकाळ

पासपोर्ट नोंदणीसाठी मागतात, मुक्कामाला आलेल्या परदेशी पाहुण्याची नोंद पोलिसांकडे करावी लागते तिथे. आमच्या मालकीणबाईंनी मोबाइलवर फोटो काढून लगेच हातात परत दिले. ठेवून घेऊ नका म्हणून सांगितलं तर चालतं.

वाटेत थोडं आत वळून सा देक करा. फुलांचं गाव आहे. झेंडू, शेवंती, असल्या फुलांच्या कुंड्या बांबूच्या मांडवांवर ठेवतात, खाली पाणी, आणि माळी होडीतून फिरत झाडांना पाणी घालतात. डिसेंबरअखेर त्यांची टेटसाठी म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षासाठी तयारी जोरात असते, झाडं भरात येत असतात. गाडी बऱ्यापैकी जवळ जाते, जास्त चालावं लागत नाही. सकाळी लवकर पोचा, अकरानंतर ऊन फार लागतं.

खडूस_काका

खोली तळमजल्याची मागा. आणि इअरप्लग्ज चार जोड्या.