पन्नाशीनंतर रेट्रो मोटरसायकल: बोटांना मुंग्या, कंबरेला कळ. आधी काय बदलू?

नमस्कार मंडळी,

वय ५२. तरुणपणी मोटरसायकल भरपूर चालवली. मग चारचाकी आली आणि मधली बरीच वर्षं दुचाकीला हातच लागला नाही. गेल्या वर्षी रेट्रो घडणीची नवी गाडी घेतली. दोन सिलिंडर, गोल दिवा, सपाट सीट, वजन दोनशे किलोंच्या वर. नाव लिहीत नाही, कारण मला ब्रँडची चर्चा नकोय.

गाडीचा मला लळा लागलाय हे आधीच सांगतो, म्हणजे 'विका आणि स्कूटर घ्या' असं लिहायचे कुणाचे कष्ट वाचतील. वेगाची हौस नाही. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पन्नास-साठच्या वेगाने, इंजिन अजिबात न पिळता, वळणावळणाच्या रस्त्याने जायचं, एवढंच हवंय. त्यासाठी या गाड्या फार छान जमल्यात. कमी आरपीएमलाच (इंजिनचे मिनिटाचे फेरे) ओढ मिळते, सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. आणि तो ठोका! जुन्या ब्रिटिश ट्विनमध्ये, म्हणजे दोन सिलिंडरच्या इंजिनात, दोन्ही पिस्टन एकदमच वर-खाली व्हायचे, म्हणजे ३६० अंशांची क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा), आणि कंप थेट हाडांत. आजच्या बऱ्याच रेट्रो ट्विनमध्ये क्रँक २७० अंशांची असते. एक ठोका लगेच पडतो, पुढचा जरा थांबून. शिवाय आत बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे कंपांना तोल देणारा फिरता दांडा असतो, त्यामुळे बरेचसे कंप तिथल्या तिथे जिरतात. वरून जुनं रूप, आत फ्युएल इंजेक्शन आणि एबीएस. ट्रायम्फने तर बॉनव्हिल या मॉडेलच्या थ्रॉटल बॉडीला (इंजेक्शनच्या गाडीत इंजिनला हवा सोडणारा भाग) जुन्या कार्बोरेटरचा आकार दिला होता. काही जणांना हे नाटकी वाटतं, मला वाटत नाही. डोळ्यांना जे आवडतं ते मिळावं आणि थंडीत किक मारत बसावं लागू नये, यात वावगं काय?

आता अडचण. पाऊण तास झाला की उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होतं, मुंग्या येतात. तासाभराने कंबर धरते. अरुंद रस्त्यात यू-टर्न घेताना गाडी अंगावर येईल अशी धास्ती वाटते, त्यामुळे खांदे आखडतात. आणि मीटरमधले बारीक आकडे धड दिसत नाहीत. चाळिशीचा चष्मा आहे, पण तो हेल्मेटमध्ये घालू की नको कळत नाही.

पुढची पंधरा वर्षं ही गाडी चालवायची इच्छा आहे. हँडल, सीट, शॉक, व्यायाम, की चालवण्याची पद्धत? सुरुवात कुठून करू? विशेषतः चाळिशी-पन्नाशीत पुन्हा गाडीकडे वळलेल्यांनी लिहावं.

प्रतिसाद १

कोणती बोटं बधिर होतात ते लिहिलंत हे बरं केलंत. करंगळी आणि अनामिका म्हणजे अल्नर नर्व्ह. तळहाताच्या करंगळीकडच्या उंचवट्यावर भार पडतो किंवा कोपर फार वेळ दुमडलेलं राहतं, तेव्हा ही नस दबते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असती तर मनगट वाकडं राहतंय, असा संशय घेतला असता. उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल, तर गाडीला हात लावण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

नसेल टिकत, तर आधी फुकटचा उपाय. गाडीवर नेहमीसारखे बसा, डोळे मिटा, हात सहज हँडलवर ठेवा आणि बोटं सरळ करा. लिव्हर बोटांच्या रेषेत आला पाहिजे. बऱ्याच गाड्यांचे लिव्हर शोरूममधून वरच्या बाजूला फिरवलेले येतात. क्लॅम्पचे बोल्ट किंचित सैल करून लिव्हर खाली घ्या आणि पुन्हा नीट कसा. हँडलही थोडं फिरवून बघा. सरळ बसायला लावणाऱ्या रुंद हँडलवर वारा छातीवर येतो, मग आपण नकळत हँडलला लोंबकळतो. गुडघ्यांनी टाकी हलकेच धरली की हातांवरचा भार निम्मा उतरल्यासारखा वाटतो. बोटं मोकळी हवीत, हँडलवर पियानो वाजवता येईल इतकी.

कंप एका ठरावीक आरपीएमलाच जाणवत असतील तर एक गिअर वर-खाली करून पाहा. त्यानंतर हँडलच्या टोकाला जड बार-एंड, म्हणजे कंप कमी करणारं वजन, लावायचा विचार करा.

प्रतिसाद २

कंबरेचं सांगतो. या गाड्यांवर आपण ताठ बसतो. दिसायला आरामशीर, पण खड्ड्याचा दणका सरळ मणक्यात जातो. पुढे झुकलेल्या माणसाचे हात-पाय थोडा भार वाटून घेतात, इथे सगळं माकडहाडावर. म्हणून मागचे शॉक तुमच्या वजनाला जुळवलेले हवेत. मागे दोन बाजूंना दोन शॉक असतील तर त्यांवर सहसा प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या खाचा असतात, टूलकिटमधल्या पान्याने फिरतात. तुम्ही हेल्मेट, जॅकेटसह बसल्यावर मागची बाजू तिच्या एकूण हालचालीच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी खाली बसली पाहिजे. फारच कमी बसत असेल तर प्रीलोड कमी करा, जास्त बसत असेल तर वाढवा. मोजताना एक जण मदतीला घ्या. टायरचं प्रेशरही बघा, दगडासारखे टायर असतील तर शॉक काय करणार?

सीट बदलायची घाई नको. सपाट सीटवर पुढे-मागे सरकता येतं, तेच तिचं वैशिष्ट्य. दुखायला लागल्यावर थांबू नका, त्याच्या आधी थांबा.

प्रतिसाद ३

यू-टर्नबद्दल मी लिहिते. मी पंचेचाळिशीत पहिल्यांदा जड गाडी शिकले, त्यामुळे ही धास्ती पुरती ओळखीची आहे. मोकळं मैदान बघा. पहिला गिअर, क्लच अर्धा सोडलेला, थ्रॉटल स्थिर आणि मागचा ब्रेक हलका दाबलेला. वेग या तिघांत सांभाळायचा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लावायचा नाही, जड गाडी तिथेच कोसळते. आणि नजर! चाकापुढच्या मातीकडे बघितलं की गाडी तिकडेच जाते. हनुवटी खांद्यावरून फिरवून जिथे बाहेर पडायचंय तिथे बघा. मान आखडलेली असेल तर तेच जमत नाही, म्हणून मानेचा आणि खांद्यांचा व्यायाम रोज करा. घाबरून क्लच पूर्ण दाबू नका, इंजिनची ओढ असते तोवर गाडी उभी राहते.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. लिव्हर खरोखर वर होते. खाली घेतल्यावर आज मुंग्या बऱ्याच उशिरा आल्या. प्रीलोड रविवारी मोजतो, मैदानही शोधलंय. चष्म्याचं कुणी सांगेल का?

प्रतिसाद ४

मीटर डोळ्यांपासून साधारण हातभर अंतरावर असतं. पुस्तकाचं अंतर त्याहून कमी, म्हणून वाचायच्या नंबरचा चष्मा तिथे चुकतो आणि लांबचा रस्ता धूसर करतो तो वेगळाच. प्रोग्रेसिव्हमध्ये, म्हणजे एकाच काचेत लांबचा ते जवळचा नंबर असलेल्या चष्म्यात, जवळचा भाग अगदी तळाशी असतो, तिथे फुलफेस हेल्मेटची हनुवटी आडवी येते. गाडीवर बसून डोळे ते मीटर हे अंतर मोजा आणि नेत्रतपासणीला जाताना सांगा, लांबचं आणि मधलं असा खास चष्मा करून मिळतो. काड्या बारीक आणि सरळ घ्या, कानामागे वळलेल्या काड्या हेल्मेटमध्ये टोचतात. जाताना हेल्मेट सोबत न्या आणि ते घालूनच फ्रेम निवडा.