मदत हवी आहे: घरी बांधलेल्या व्हॉल्व गिटार अँपचा गुंता सोडवायचाय, आवाज न घालवता

नमस्कार मंडळी,

देवगडजवळच्या गावातून लिहितोय. व्हॉल्व (काचेच्या निर्वात नळीच्या) अँपवर काम केलेल्या, किंवा पूर्वी व्हॉल्वचे रेडिओ दुरुस्त केलेल्या कुणाचीही मदत हवी आहे.

प्रश्न असा. मी घरी बांधलेल्या गिटार अँपचा आवाज मला फार आवडतो, पण आतलं वायरिंग म्हणजे निव्वळ गुंता आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत ते नीट बांधून पेटीत बसवायचंय, गणपतीत वाजवायला न्यायचंय. भीती एवढीच की वायरिंग सरळ करताना आवाज जाईल, कारण त्या गुंत्याचाही आवाजात वाटा आहे असं मला स्पष्ट दिसलंय. काय जपू आणि काय खुशाल बदलू?

घरच्या माळ्यावर एक जुना व्हॉल्वचा रेडिओ होता. त्याचा ट्यूनिंगचा सगळा भाग काढला. चासी (पार्ट बसवायचा धातूचा खोका), मेन्स ट्रान्सफॉर्मर, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, स्पीकरला ताकद देणारा व्हॉल्व ईएल८४ आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ईझेड८० तेवढे ठेवले. पुढे गिटारचा सिग्नल वाढवायला एक ईसीसी८३ (म्हणजेच १२एएक्स७) बसवला आणि त्याच्या आतले दोन्ही ट्रायोड, म्हणजे सिग्नल वाढवणारे दोन टप्पे, एकामागून एक लावले. मध्ये व्हॉल्यूम. टोन कंट्रोल नाही, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून परत देणं) नाही. फेंडरच्या पन्नासच्या दशकातल्या चॅम्प या छोट्या गिटार अँपमध्ये एक १२एएक्स७, एक ६व्ही६ हा पॉवर व्हॉल्व आणि एक रेक्टिफायर एवढंच असतं, आणि साधारण ५ वॉटमध्ये तो केवढा बोलतो! माझा सांगाडा तोच, फक्त ६व्ही६च्या जागी ईएल८४.

वायरिंग मुद्दामच मोकळं ठेवलं होतं. टॅगस्ट्रिपवर (डाग द्यायच्या पट्टीवर) पार्ट लोंबकळत ठेवायचे, क्रोकोडाइल क्लिप लावून बदलायचे आणि तीच फ्रेज पुन्हा वाजवून ऐकायची. असं केल्याशिवाय कान तयार होत नाहीत असं माझं ठाम मत आहे. कागदावरचं सर्किट तुम्हाला आकडे देतं, पण दुसऱ्या टप्प्याच्या कॅथोडच्या पिनेवर २५ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठेवला की खालची ई तार कशी लडबडते आणि तिथेच ०.६८ लावला की ती कशी आवळून येते, हे ऐकूनच कळतं. दोन टप्पे जोडणाऱ्या कपलिंग कंडेन्सरला ०.०२२ जाड वाटला, ०.००४७ला अंग राहिना, शेवटी ०.०१वर थांबलो. ईएल८४च्या आधीचा कंडेन्सर मात्र रेडिओतलाच जुना, मेणाचा ठेवलाय.

आता आवाजाबद्दल. हलक्या हाताने छेडलं तर स्वच्छ. जोर दिला की कडेला खरखर येते, पण नोट आतून शाबूत राहते. लांब धरलेली नोट आधी जराशी दबते आणि मग फुलते. हे फुलणं मला काही झालं तरी घालवायचं नाही. स्पीकर जुन्या लाउडस्पीकरच्या खोक्यातला १० इंची, ८ ओहमचा, सध्या फणसाच्या फळ्यांच्या मागून उघड्या पेटीत.

मला चक्रावून टाकणाऱ्या तीन गोष्टी आहेत.

पहिली शिट्टी. व्हॉल्यूम पाऊणच्या पुढे गेला की बारीक शिट्टी सुरू होते. सुक्या बांबूच्या काडीने एकेक वायर हलवून पाहिली. दुसऱ्या ट्रायोडच्या प्लेटवरून (जिथून वाढलेला सिग्नल बाहेर पडतो) निघणारी पिवळी वायर इनपुटच्या वायरवरून आडवी जाते. ती बोटभर बाजूला सारली की शिट्टी बंद. पण त्याबरोबर आवाजातली चमकही जाते! परत जवळ आणली की चमक हजर. म्हणून म्हणतो, गुंत्याचा वाटा आहे.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. दिवेलागणीला आमच्याकडे व्होल्टेज उतरतं, २०५च्या आसपास येतं. अँप सगळ्यात गोड वाजतो तो तेव्हाच. सकाळी २३० मिळतात तेव्हा तोच अँप थोडा ताठ वाटतो.

तिसरी, दमट हवेत मधूनच येणारी चरचर. मळभ आलं, खारा वारा सुटला की सुरू. कडक ऊन असलं की नाही.

मोजमापं देतो, सकाळच्या २३० व्होल्टवरची: रेक्टिफायरनंतर २६५, ईएल८४च्या प्लेटवर २५२, कॅथोडवर ७.२, कॅथोड रेझिस्टर १५० ओहम. फिल्टर कंडेन्सर नवे, २२ मायक्रोफॅरडचे दोन. मेन्स ट्रान्सफॉर्मर पूर्ण वेगळ्या वाइंडिंगचा आहे, चासीवर मेन्स येत नाही हे तपासलंय. तीन पिनी कॉर्ड लावलीय. साठलेलं व्होल्टेज उतरायला दोन्ही फिल्टरवर २२० के, १ वॉटचे रेझिस्टर आहेत, तरी बंद केल्यावर मीटर लावून शून्य दिसल्याशिवाय आत हात घालत नाही.

प्रतिसाद: डागवाला

मोजमापं दिलीत हे उत्तम केलंत. ७.२ भागिले १५० म्हणजे ४८ मिलिअँपियर. त्यातले पाचेक स्क्रीनचे (व्हॉल्वच्या आतल्या एका जाळीचे) धरले तर प्लेटवर साडेदहा वॉट होतात. ईएल८४ची मर्यादा १२. तिथे काळजी नाही.

पिवळ्या वायरचं कोडं सोपं आहे. एका टप्प्यात सिग्नल उलटतो, दोन टप्प्यांत दोनदा उलटून मूळ दिशेला येतो. ती वायर इनपुटजवळ गेली की वरच्या पट्टीतला थोडा सिग्नल त्याच दिशेने परत आत शिरतो. थोडा शिरला तर चमक, जास्त शिरला तर शिट्टी. म्हणजे तुमचा अँप सतत शिट्टीच्या काठावर उभा आहे. व्हॉल्व बदलला, हवा बदलली, तरी तो काठ सरकेल. भर कार्यक्रमात यावर विसंबू नका. वायर लांब न्या, इनपुटला शिल्ड केबल वापरा, पहिल्या ट्रायोडच्या ग्रिडच्या (सिग्नल आत शिरतो त्या) पिनेला अगदी चिकटून ६८ केचा रेझिस्टर लावा. चमक परत आणायला व्हॉल्यूमच्या वरच्या टोकापासून मधल्या पायापर्यंत १०० किंवा १२० पिकोफॅरड जोडा. व्हॉल्यूम पूर्ण उघडला की त्याचा परिणाम संपतो, पण तोवर अँप स्वतःच खरखरायला लागलेला असतो.

संध्याकाळचा गोडवा म्हणजे एचटी (रेक्टिफायरनंतरचं उच्च डीसी व्होल्टेज) २६५वरून २३५च्या घरात येणं. पण त्याबरोबर हीटरही (व्हॉल्व तापवणारी आतली तार) ६.३ व्होल्टवरून ५.६वर उतरतो, आणि व्हॉल्व तसे रोज चालवणं बरं नाही. हीटर पूर्ण द्या, फक्त एचटी उतरवा. रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या फिल्टरच्या पुढे ४७० ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर टाका. ५५ मिलिअँपियरला २६ व्होल्ट पडतील, आणि जोरात वाजवलं की आणखी थोडे पडतील. तुमचं ते 'फुलणं' इथेच आहे, त्यामुळे ते वाढेल. फिल्टर २२चेच राहू द्या. मोठे घातले तर घूं कमी होईल, पण नोट ताठ होईल.

एक गोष्ट मोजाच. रेडिओच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला बहुधा कमी ओहमचा स्पीकर असतो, तुम्ही ८चा लावलाय. ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडून सोडवा, १२ व्होल्ट एसीचा छोटा ट्रान्सफॉर्मर प्रायमरीला लावा, सेकंडरीवर किती येतात ते बघा. गुणोत्तराचा वर्ग गुणिले स्पीकरचे ओहम, हा व्हॉल्वला दिसणारा भार. ईएल८४ला २५० व्होल्टवर सुमारे ५.२ के अपेक्षित असतो.

प्रतिसाद: जुना रेडिओ मेकॅनिक, वेंगुर्ला

झिला, घाई करू नको, पावसाक अजून येळ आसा.

चरचरीचं सांगतो, आयुष्यभर तेच केलंय. समुद्राकाठच्या घरातला रेडिओ उघडला की आधी मी व्हॉल्वचे सॉकेट बघायचो. बेकेलाइटवर मिठाचा थर बसतो, दमट हवेत तो ओला होतो आणि दोन पिनांमधून करंट झिरपतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन सॉकेट नि टॅगस्ट्रिप धुवून काढ, उन्हात पूर्ण सुकव. नव्या बांधणीत सिरॅमिक सॉकेट घाल, मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळतील.

त्याहून महत्त्वाचा तो मेणाचा कंडेन्सर. आतला कागद दमट होतो आणि ईसीसी८३च्या प्लेटवरचं डीसी ईएल८४च्या ग्रिडवर उतरायला लागतं. ईएल८४ काढून ठेव, सेट चालू कर, सॉकेटच्या २ नंबर पिनेवर, म्हणजे ग्रिडवर, मीटर लाव. शून्य पाहिजे. पॉझिटिव्ह काही दिसलं तर त्या कंडेन्सरचं प्रेम सोड. आज अर्धा व्होल्ट असेल, श्रावणात पाच होतील, मग प्लेट लाल होऊन ईएल८४ जाईल आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरही घेऊन जाईल. जुन्या रेडिओंत बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचे ईएल८४ असायचे, चांगले टिकाऊ. तुझा तसला असेल तर जप.

आणि अर्थिंग. जांभ्यात खड्डा मारून केलेलं अर्थिंग मे महिन्यात कोरडं पडतं. मीठ-कोळसा भरलेला आहे का बघ, दोन बादल्या पाणी ओत. घूं ऐक, मग चासीवर संशय घे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मोजून आलो.

ट्रान्सफॉर्मरला १२.६ व्होल्ट दिले, ०.३५ आले. म्हणजे ३६, वर्ग १२९६. चार ओहमला ५.२ के, आणि माझ्या आठला १०.४ के! शेजारच्या मित्राकडून तसलाच दुसरा स्पीकर आणून समांतर जोडला, चार ओहम करून ऐकलं. आवाज मोठा आणि मोकळा झाला, पण नोटेची दाबून फुलण्याची ती चाल कमी झाली. मला आठच आवडतोय. असा ठेवला तर चालेल का?

२ नंबर पिनेवर ०.८ व्होल्ट दिसले, काका. मेणाचा काढला, ०.०१चा ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावला. कॅथोड ७.२वरून ६.७वर आला. आवाजात मला काडीचाही फरक ऐकू आला नाही. सॉकेट धुतले, आणि काल दिवसभर मळभ असूनही चरचर नाही.

४७० ओहम घातला. सकाळीच संध्याकाळ झाली. पिवळी वायर अजून तशीच आहे, आज ती सोडवणार.

डागवाला

आठ ओहम ठेवा, पण जोरात वाजवताना एवढ्या भारावर स्क्रीनचा करंट वाढतो. ९ नंबरच्या, म्हणजे स्क्रीनच्या, पिनेला थेट एचटी असेल तर मध्ये १ के, २ वॉट घाला. आणि स्पीकर न जोडता अँप कधीही वाजवू नका.

पिवळी वायर सोडवण्याआधी फोन एका जागी ठेवून आत्ताचा आवाज रेकॉर्ड करा, व्हॉल्यूमची खूण करून. मग एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर तीच फ्रेज. १९६४ साली किंक्स या ब्रिटिश बँडच्या डेव्ह डेव्हिसने छोट्या एल्पिको अँपचा स्पीकर ब्लेडने फाडला आणि हवा तो आवाज मिळवला. तो कागद पुन्हा जोडता येत नाही. तुमच्याकडे मात्र परतीची वाट ठेवता येते.

धागाकर्ता

रेकॉर्ड करून ठेवलं. शेवटचा प्रश्न: शिल्ड केबलचं कवच दोन्ही टोकांना ग्राउंड करायचं का? आणि हीटरच्या वायरी?

डागवाला

कवच एकाच टोकाला. जिथे पहिल्या टप्प्याच्या कॅथोड रेझिस्टरचं ग्राउंड आहे तिथेच. हीटरच्या दोन वायरी एकमेकींना घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून न्या, आणि वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर प्रत्येक वायरपासून ग्राउंडला १०० ओहमचा एकेक रेझिस्टर द्या. आउटपुट ट्रान्सफॉर्मर मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरला काटकोनात बसवा. पेटीत पक्का करण्याआधी हेडफोन सेकंडरीला लावून तो ट्रान्सफॉर्मर हाताने फिरवून बघा, घूं सगळ्यात कमी येईल त्या जागी भोकं पाडा. हे करताना ईएल८४ काढलेला असू द्या.